वाचक विचारतात: वायनरी बघायला नंदी हिल्सला जावं का?

प्रश्न: दिंडोरीला आमची छोटी वायनरी आहे. बंगळूरजवळच्या वायनऱ्या बघायला जायचं मनात आहे, पण तिकडे वेगळं असं काय दिसणार?

उत्तर: अहो, जाच! आपल्याकडची द्राक्षबाग साधारण 600 मीटरवर, तिकडे नंदी हिल्सच्या पायथ्याला 900च्या आसपास, म्हणजे हवामानाचा फरक बघायला मिळेल. तिथेच जवळ दोड्डबल्लापूरला ग्रोव्हर झांपा ही वायनरी आहे, 1988 पासूनचे जुने लोक, फ्रान्सचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ त्यांचे सल्लागार होते. त्यांची ला रिझर्व्ह ही वाइन, म्हणजे कॅबर्ने आणि शिराझ या द्राक्षांचं मिश्रण, नक्की चाखा, पण गाडी चालवणारा वेगळा ठेवा बरं का!

फक्त टेस्टिंग रूममध्ये बसून परत येऊ नका, ते पर्यटकांसाठी असतं. आधी फोन करून वाइनमेकरची वेळ घ्या, मग सेलरमध्ये, म्हणजे वाइन मुरवतात तिथे, शिरा, टाकीचं तापमान कितीवर ठेवतात, साल किती दिवस रसात ठेवतात, पिपं किती वर्षं वापरतात ते विचारा, आणि बागेत माती हातात घ्या, तांबडी आहे, आपल्या काळीपेक्षा पाणी पटकन सोडते. छाटणीच्या तारखाही विचारून घ्या.

मार्चअखेर गेलात तर उत्तम, आपली तोडणी उरकत आलेली असते.