‘सुटले’ म्हणालीस, त्यात पाप कसलं?

मावशी,
मी ५४ वर्षांची. माहेर आणि सासर दोन्ही बडोद्यातलंच. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. गेल्या कार्तिकात त्या गेल्या. मुलगा टोरांटोला, मुलगी पुण्यात. हे निवृत्त झाले, पण बोलत काही नाहीत. अजून पहाटे साडेचारला जाग येते, त्यांची कूस बदलायची वेळ ती. अजून भातही मऊच लावते, सवयीनं. आत कोणी राहतच नाही असं वाटतं. लग्नाआधी दोन वर्षं गायनशाळेत जात होते, पेटी माळ्यावर आहे. सगळे म्हणतात पुन्हा गा, पण हात जात नाही.
भिशीतल्या मैत्रिणीनं मला अलकापुरीत हीलिंगच्या वर्गाला नेलं. तिथल्या बाईंनी डोक्यावर हात ठेवला आणि मी हमसाहमशी रडले. फार हलकं वाटलं. मग साडेपाच हजार भरून दुसरी पायरी केली. त्या म्हणतात, सासूचा राग हृदयचक्रात अडकलाय, आत्म्याशी नातं तुटलंय, आणि औषधांनी ऊर्जा अडते. म्हणून दोन महिने थायरॉइडची गोळी घेत नाही. रोज आरशात बघून ‘माझं माझ्यावर प्रेम आहे’ म्हणायचं असतं, ते तोंडून निघतच नाही. आता तिसरी पायरी, नर्मदाकाठी तीन दिवस, ४५ हजार. माझ्या नावाची एफडी मोडू का? की स्वतःवर प्रेम करायला निघणं हाच स्वार्थ? कधी कधी वाटतं, रात्री झोपावं ते उठूच नये.
एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. सासूबाई गेल्या त्या पहाटे माझ्या मनात पहिलं आलं ते ‘सुटले’.
— रावपुऱ्यातली एक सून

मावशी म्हणालीस, तेव्हा एकेरीतच लिहिते.

आधी गोळी. आत्मा-बित्मा नंतर बघू. उद्या सकाळी लॅबमध्ये जाऊन टीएसएचसाठी, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीसाठी, रक्त दे, त्याच सुईत बी-१२ आणि हिमोग्लोबिनही बघून घे. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. रिपोर्ट घेऊन तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘दोन महिने गोळी बंद होती’ हे तोंडानं सांग. लाजेपोटी गप्प राहिलीस तर ते बिचारे वाढलेला आकडा बघतील, जुना डोस पुरत नाही असं समजतील आणि वाढवून देतील. त्या गोळीचा अंमल शरीरातून उतरायला काही आठवडे लागतात. म्हणून बंद केल्यावर सुरुवातीला काहीच बिघडत नाही, उलट ‘बघ, गरजच नव्हती’ असं वाटतं. पुढे हळूहळू अंग जड होतं, थंडी वाजते, केस गळतात, डोकं चालेनासं होतं, मन बसतं. ‘आत कोणी राहतच नाही’ यातलं किती त्या बंद गोळीचं आणि किती तुझं, हे रिपोर्ट आल्याशिवाय ना मी सांगू शकत, ना त्या बाई.

दुसरं, ते ‘उठूच नये’. तू ते वाक्य एफडीच्या शेजारी घाईत टाकून दिलंस, मी टाकून देणार नाही. पहाटे लवकर जाग येणं, मग मन भरून येणं, कशात जीव न लागणं, ही डिप्रेशनचीही लक्षणं आहेत. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, फुकट, रात्रंदिवस, गुजरातीत बोल नाहीतर मराठीत. पहाटे साडेचारलाही तिथे कोणीतरी फोन उचलतं. सयाजी हॉस्पिटलात मानसोपचाराचा विभाग आहे, केसपेपर काढायला तुझी एफडी मोडावी लागणार नाही. आणि तो विचार नुसता विचार न राहता ‘कसं करावं’ असा होऊ लागला तर एकटी राहू नकोस. यांना उठव, शेजारचं दार वाजव, अर्ध्या रात्रीसुद्धा. आतापर्यंत तू घरात सगळ्यांसाठी उठलीस, एक रात्र कोणी तुझ्यासाठी उठलं तर जगबुडी होत नाही.

आता हीलिंग. त्या बाईंना मी भोंदू म्हणणार नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण जे विकलं जातंय ते कुठून आलं ते बघ. हात ठेवून ऊर्जा द्यायची रेकी जपानात १९२२ साली मिकाओ उसुई यांनी सुरू केली. चक्रं आपल्या योगातली. आरशापुढची वाक्यं अमेरिकेतून आलेली. तिन्ही एका पाकिटात घालून वर पायऱ्यांची किंमत लावली. त्यात तुझ्यासाठी काहीच खरं नव्हतं का? होतं. तू रडलीस ते खरं होतं. पण कशामुळे रडलीस, याचं त्यांनी दिलेलं कारण मला पटत नाही.

नऊ वर्षं दर दोन तासांनी एका म्हातारीची कूस बदलायची. रात्री बॅटरीच्या उजेडात माकडहाडापाशी कातडी लाल झाली का बघायचं. टाचांखालची उशी सरकली की नीट लावायची. चमच्यानं भरवताना ठसका लागला की पाठीवरून हात फिरवायचा. दिवसभर तुझे हात कुणाच्या तरी अंगावर होते. तुझ्या अंगावर हात ठेवणारं कोण होतं? मुलं लांब, यांच्या वयाच्या पुरुषांना बायकोच्या डोक्यावरून हात फिरवायचं सुचत नाही, आई बहुधा नसेल. आणि एक दिवस एक अनोळखी बाई काही न मागता (म्हणजे त्या दिवशी न मागता) डोक्यावर तळवा ठेवते. बाई गं, दगडालाही पाझर फुटला असता! यात चक्र उघडायला नको की बंद व्हायला नको. हेच हलकं वाटणं तुला बहिणीकडून मिळेल. रविवारी तिच्या घरी जा, पाटावर बस आणि म्हण, ‘माझ्या डोक्याला तेल लावून दे.’ मुलीला पुण्याहून बोलावून घे आणि तिलाही हेच सांग. मागायला जड जाईल तुला, तरी माग.

एफडी मोडू नकोस. आत्म्याचा प्रश्न राहू दे, साधा व्यवहार सांगते. चालू गोळी बंद करायला जी व्यक्ती सांगते, तिच्या हाती तीन दिवस राहायला जायचं नाही, मग ते नर्मदाकाठी असो की घराच्या ओट्यावर. साडेपाच हजार गेले ते गेले. वाद घालायला जाऊ नकोस, ‘मला जमणार नाही’ एवढा निरोप पुरे. मैत्रिणीला मात्र गोळीचं सांग. त्याच भिशीत कोणी साखरेची नाहीतर बीपीची गोळी बंद करून बसलं असेल.

आता ज्यासाठी पत्र लिहिलंस ते.

तेराव्याला तुमच्याकडे आलेली प्रत्येक बाई पदर सावरत म्हणाली असेल, ‘सुटल्या हो बिचाऱ्या.’ म्हणाली ना? आणि तू मान हलवली असशील. नऊ वर्षं खोलीबाहेरून बघणाऱ्यांना त्या सुटल्या म्हणायची मुभा, आणि खोलीत राहिलेलीला आपण सुटलो हे मनात आणायचीही नाही? लांबलेल्या आजारपणानंतर घरातल्यांना सुटका वाटते आणि दुःखही होतं, दोन्ही एकाच वेळी. शुश्रूषा करणाऱ्या कुणालाही विचार. त्यांनी मरावं असं तुला वाटलं नव्हतं, आता दोन तासांनी उठायचं नाही, एवढंच वाटलं. आणि समजा एखाद्या रात्री मरावं असंही वाटलं असेल, तरी तू उठून कूस बदललीसच ना? माणसाचा हिशेब करायचा तर मी त्या बदललेल्या कुशीवरून करते.

राग होताच. असणारच. सासूवर असेल, सणावारी पेढ्यांचा डबा घेऊन येऊन ‘वहिनी, तुझं किती करावं तेवढं थोडं’ म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत जाणाऱ्या माणसांवर असेल, यांच्यावर असेल. पण तो कुठल्या चक्रात शोधायचा? रावपुऱ्यातल्या तुझ्या घरातच आहे, चांगला पत्त्यानिशी.

म्हणून ते ‘सुटले’ एकदा यांना सांग. घरात समोरासमोर बसून नाही, ते लगेच टीव्हीचा रिमोट शोधतील. लॅबमधून परतताना कुठे सेव-उसळ खायला थांबा आणि तिथे, गाडीवर उभं राहून, सांग. त्यांची आई गेली आहे, हे तुझ्या पत्रात कुठेही नाही. तुझी सासू गेली एवढंच आहे. त्यांनाही त्या पहाटे हेच वाटलं असेल तर? सुनेला निदान मावशीला पत्र लिहिता येतं, मुलानं हे कुणापाशी बोलायचं? ते चिडतील कदाचित. चिडू दे. गप्प बसण्यापेक्षा बरं.

आरसा बंद कर. ते वाक्य तोंडून निघत नाही यात तुझं काही चुकत नाही. कॅनडात जोआन वूड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं त्यांना आणखी वाईट वाटलं. मन लगेच उलटतपासणी घेतं, ‘तू? खरंच?’ तेव्हा बोलू नकोस, कर. भात मोकळा लाव. तुम्हा दोघांना दात आहेत. तुला स्वतःला भात कसा आवडतो हे आठवतंय का? आठवत नसेल तर दोन-तीन तऱ्हांनी करून बघ. कोण खाणार म्हणून दुपारी उरलेली पोळी चहात बुडवून खातेस ना, ते बंद. यात स्वार्थ कुठे आला? घरातल्या एका माणसाला नीट जेवायला घालायचं आहे, ते माणूस तू आहेस.

पेटी माळ्यावरच राहू दे. ‘छंद लावून घे’ असं तुला सांगणारे उदंड असतील, मी त्यांत नाही. आज पेटी काढलीस तर तेही आणखी एक काम होईल, रोज पुसायचं आणि रोज अपराधी वाटायचं. मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेत शिकली आहेस, ते शिक्षण पळून जात नाही. आधी झोप भरून निघू दे.

आणि तरीही आत काहीतरी तुटलंय, ते देवाधर्माचंच आहे असं वाटत असेल, तर तेही मी झटकून टाकत नाही. आपल्या बडोद्यातलीच गोष्ट सांगते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे होते, कॉलेजात शिकवत होते. सोडून गेल्यावर १९०८ च्या सुरुवातीला परत आले, तेव्हा खासेराव जाधवांच्या घरी विष्णू भास्कर लेले नावाच्या आपल्या एका मराठी योग्याशी त्यांची गाठ पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत तीन दिवस दोघं बसले. लेल्यांनी सांगितलं ते इतकंच की नुसता बस, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधी परतवून लाव. मन पार निःशब्द झालं, असं अरविंदांनीच पुढे लिहून ठेवलंय. (तुला तीन दिवसांत जमेल असं समजू नकोस. ते अरविंद होते, आणि आधी प्राणायाम करून बसलेले.) मला आवडतं ते पुढचं. निरोप घेताना लेल्यांनी त्यांना आपल्यापाशी धरून ठेवलं नाही. तुझ्या आत जो आहे त्याच्या हवाली स्वतःला कर, असं सांगून मोकळे झाले. चौथी पायरी नव्हती.

दांडियाबजारातलं अरविंद निवास तुझ्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे. तिथे शांत बसता येतं. कोणी तुझं चक्र तपासायला येत नाही. नर्मदाकाठच हवा असेल तर गरुडेश्वरला जा, टेंबेस्वामींनी १९१४ साली देह ठेवला तिथे. यांना बरोबर घे, एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. काही साधायला जाऊ नकोस, घाटाच्या पायरीवर बसायला जा.

राहिली पहाटेची जाग. ती लगेच जाणार नाही. नऊ वर्षांची सवय वर्षश्राद्धाच्या तारखा बघून सुटत नाही. पण जाग आल्यावर अंथरुणात छत बघत पडू नकोस, त्यानं झोपही येत नाही आणि विचार मात्र येतात. ऊठ, आणि त्यांच्या खोलीकडे न वळता ओट्यावर ये. चहा एकटीचाच ठेव, यांचा त्यांना नंतर करता येतो. निवृत्त माणसाला गॅस पेटवता येतो, मी पाहिलंय.

रिपोर्ट आला की लिही. ‘सगळं ठीक’ असं नको, टीएसएचचा आकडा लिही.

— मावशी