हायवेची वाहतूक व्यवस्था ऑटोमॅटिक करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

सुरुवात अडथळ्यामागे साचणारी गाड्यांची रांग ओळखण्यापासून करा. कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन लावून काम भागत नाही; शंभर कॅमेऱ्यांवर माणूस डोळ्यांत तेल घालून तरी किती वेळ बघणार?

रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून गाडी गेली की त्याचं इंडक्टन्स (तारेचा एक विद्युत गुणधर्म) घटतं, त्यावरून गाड्या मोजल्या जातात. लागोपाठ दोन वेटोळी असली की वेगही कळतो. वेग अचानक पडला की मागच्या फलकांवर कमी वेगमर्यादा आपोआप झळकली पाहिजे, कोणाच्या क्लिकची वाट न पाहता. लंडनभोवतीच्या एम २५ या महामार्गावर १९९५ पासून बदलत्या वेगमर्यादा आहेत.

लेन बंद करणं, वाहतूक वळवणं मात्र ऑपरेटरने खात्री करूनच करावं. ओल्या रस्त्यावर चमकणारे हेडलाइट किंवा लांब सावल्या कॅमेऱ्याला हमखास चकवतात.

आणि एक, कळकळीने सांगतो: बंद पडलेला सेन्सर शून्य गाड्या दाखवतो, रिकामा रस्ताही शून्यच दाखवतो. हा फरक सिस्टीमला पहिल्या दिवसापासून कळायलाच हवा. शेजारच्या सेन्सरवरून गाड्या जाताहेत आणि हा गप्प, तर लगेच दुरुस्तीची सूचना निघाली पाहिजे.