सँग्विन : उमेदीचा की रक्ताचा?

भुसावळच्या एका अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या ताईंनी विचारलंय : 'आमच्या इंग्रजी शब्दांच्या यादीत सँग्विन म्हणजे आशावादी आणि त्याच्या लगेच खाली सँग्विनरी म्हणजे रक्तपाताचा, असं दिलंय. यातलं एक चुकून छापलंय का? आणि असे शब्द लक्षात तरी कसे ठेवायचे?'

छपाई बरोबर आहे. दोन्ही शब्द 'सँग्विस' या लॅटिन शब्दाचे, म्हणजे रक्ताचेच. सँग्विनरी सरळ वाटेने गेला : रक्तरंजित लढाई, रक्तपिपासू राजा. सँग्विन मात्र वैद्याच्या घरून फिरून आला. हिपोक्रेटिसच्या परंपरेपासून दुसऱ्या शतकातल्या गेलेनपर्यंत ग्रीक वैद्य शरीरात चार रस मानत : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याच्या अंगात रक्ताचा जोर, तो लालबुंद चेहऱ्याचा आणि उमेदी स्वभावाचा. ते वैद्यक कधीच मागे पडलं. उमेद शब्दाला चिकटून राहिली.

आपल्याला यात नवल वाटायला नको. जळगावात मे महिन्याच्या भर दुपारी कुणी हुज्जत घातली, की आपलंही 'पित्त खवळतं'. इंग्रजीत शीघ्रकोपी माणूस 'कॉलरिक', आणि त्यातलं ग्रीक 'कोले' म्हणजे पित्तच! हेच कोले कोलेस्टेरॉलमध्येही बसलंय, कारण तो पदार्थ पहिल्यांदा पित्ताच्या खड्यांत सापडला. 'मेलँकली' म्हणजे काळं पित्त, म्हणून खिन्नता. त्यातला काळा रंग तुम्हाला शाळेत त्वचेच्या धड्यात मेलॅनिन म्हणून भेटून गेलाय. राहिला 'फ्लेगमॅटिक' : कफाचा, म्हणून सहजी न हलणारा, थंड. (आपले वात-पित्त-कफ आणि त्यांचे चार रस एकास एक जुळवत मात्र बसू नका. आयुर्वेदात दोष तीन, आणि रक्त हा धातू.)

एका प्रश्नात चार शब्द झाले बघा. यादीतला शब्द आणि समोरचा एकशब्दी अर्थ घोकण्यावर माझा विश्वास नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री नेमका तोच उलटतो. त्यापेक्षा एक घराणं धरा. सँग्विसच्या घरातला तिसरा शब्द 'कॉन्सँग्विनिटी', म्हणजे रक्ताचं नातं. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या जोडप्याला डॉक्टर जे विचारतात, ते हेच.

आता वापर. 'आशावादी' हा अर्थ चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. आपण आशावादी म्हणतो ते बहुधा एकूण स्वभावाला. सँग्विन पुष्कळदा एखाद्या ठरावीक गोष्टीपुरता येतो, त्याच्यापुढे 'अबाउट' लागतं, आणि तो नकारातच जास्त शोभतो. सावद्याच्या केळी उत्पादकाला विचारलं, 'यंदा भाव मिळेल?' आणि तो म्हणाला, 'मला काही फारशी उमेद नाही भो,' तर इंग्रजीत तिथे 'नॉट व्हेरी सँग्विन अबाउट' चपखल बसेल. 'पेसिमिस्टिक' म्हटलं तर बिचारा उगाच रडका ठरेल.

उच्चार पेंग्विनसारखा, शेवटी 'ग्विन'. तुमच्या यादीत 'सँग्वाइन' छापलं असेल, तर छपाईची चूक ती.