घरात घट, दारात गरबा: बडोद्याच्या पहिल्या नवरात्राबद्दल

प्रश्न असा आहे: "नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही जूनमध्ये पुण्याहून वडोदऱ्याला आलो. आमच्याकडे घट बसतात, अष्टमीला महालक्ष्मी असते. इथे सगळे म्हणतात, नवरात्र म्हणजे गरबाच. आपल्या पद्धतीचं इथे काही होतं का? सात वर्षांच्या मुलीला भोंडला मिळेल का? आणि मोठ्या मैदानाचे पास घ्यावेत का?"

ताई, आपल्या पद्धतीचं सगळं होतं. मैदानाचे पास मात्र आत्ताच घेऊ नका.

मी जन्मापासून बडोद्याची. (तुम्ही वडोदरा लिहिलंत ते बरोबरच आहे, पण इथली मराठी घरं अजून बडोदंच म्हणतात.) माहेर दांडिया बाजारात, सासर कारेलीबागेत. हे अठराव्या शतकापासून गायकवाडांचं गाव. सयाजीराव महाराजांच्या १८७५ ते १९३९ या काळात शिक्षक, कारकून, वैद्य, छापखान्यातली माणसं अशी कितीतरी मराठी कुटुंबं इथे येऊन राहिली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत आजही प्रतिपदेला सकाळी घरोघर घट बसतात. फुलांसाठी खंडेराव मार्केटला जा. झेंडू, शेवंती, माळेला लागेल ते सगळं मिळतं, फक्त सकाळी लवकर पोचा.

तुमच्या गुजराती शेजारणीला घट समजावून सांगावा लागणार नाही. तिच्या घरीही त्याच दिवशी मातीचं भांडं येतं. त्याला भोकं पाडलेली असतात, वरून रंगवलेलं असतं आणि आत दिवा. तो त्यांचा गरबो. तो मध्ये ठेवून भोवती फेर धरायचा, हे या नाचाचं मूळ रूप. काही घरांत जवारेही पेरतात, म्हणजे आपल्या घटाखालच्या मातीत उगवतं तेच धान. फतेपुऱ्यातल्या कुंभारवाड्यात गरबो आणि घटाचं मडकं एकाच ओट्यावर मांडलेली दिसतील. शेजारणीला पहिल्याच दिवशी दर्शनाला बोलवा. ती हात जोडेल, नंदादीपात तेल घालू का विचारेल. माझ्या सासूबाईंच्या घटाला बाजूच्या बेन रोज एक फूल आणून वाहायच्या, आणि आम्ही त्यांच्या गरब्यापुढे दिवा लावायला जायचो. कोणी कोणाला काही शिकवलं नव्हतं.

अडचण एकच येते, ती अखंड दिव्याची. रात्री सगळं घर गरब्याला खाली गेलं तर दिव्याकडे कोण बघणार? घरात वडीलधारं माणूस असेल तर प्रश्न नाही. नसेल तर काचेची चिमणी असलेली समई घ्या आणि आळीपाळीने वर जाऊन बघून या. आम्ही तसंच करतो.

आता गरबा. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीत नवरात्राआधी एक सभा होईल. वर्गणी ठरेल, तिला इथे फाळो म्हणतात. मग एक यादी फिरेल: कुठल्या दिवशीची आरती कोणाकडे. ज्या घराकडे आरती, त्या घराने प्रसाद आणायचा. त्या सभेला जाच. नवीन माणूस सभेला आला की त्याला लोक आपलं म्हणायला लागतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. रात्री नऊच्या सुमारास सगळे खाली उतरतात, आधी आरती होते आणि मग गरबा. बहुतेक ठिकाणी पहिला फेर लहान मुलांचा असतो, त्यात तुमच्या मुलीला नुसती सोडून द्या. बे टाळी, त्रण टाळी, म्हणजे दोन आणि तीन टाळ्यांचे गरबे, पहिल्या दोन रात्रींत येतील. दोढियुं या पावलांच्या प्रकाराला जरा वेळ लागेल, पण तिच्याच वयाच्या मुली तिला हात धरून शिकवतील. पुढे कधीतरी एखादं कुटुंब मुलींना ल्हाणी वाटेल: स्टीलची वाटी, डबी, रुमाल असं काहीतरी. ते नको म्हणू नका, ते देवीच्या नावाने दिलेलं असतं.

तुम्हीही उतरा. साडी नेसलेल्या बायका बाहेरच्या फेरात संथ टाळी घेत असतात, तिथे पाय आपोआप बसतो. चप्पल काढून ठेवा, इथे अनवाणीच खेळतात. चनिया-चोळी हवी असेल तर नव्या बाजारात मिळेल, पण पहिल्या वर्षी तिच्यावर फार खर्च करू नका. जड घागऱ्यात नवख्या माणसाची दमछाक होते आणि आश्विनात इथे रात्रीही उकडतं.

मोठी मैदानं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. एकाच मैदानावर हजारो माणसं एकात एक फेर धरतात, गायक आणि वादक समोर बसून गातात, आणि संथ सुरू झालेली लय हळूहळू चढत जाते. टाळीचा असा गरबा बघायला दूरदूरहून माणसं बडोद्याला येतात, आणि तो ऐकायलाही तेवढाच सुंदर असतो. एक रात्र जरूर जा, पण पूर्ण नऊ रात्रींचा पास घेतलात की तुमचं नवरात्र पार्किंग, फाटक आणि गर्दी यांत जाईल आणि खालच्या चौकातल्या बायकांची नावंही तुम्हाला कळणार नाहीत. २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. मला तेव्हा आमची गल्लीच आठवली. आजी, नात, भाडेकरू, मालक एका दिव्याभोवती फिरतात, तो वारसा तिथे सगळ्यात जवळून दिसतो.

आणखी दोन ठिकाणी शक्य झालं तर जा. एक, मांडवीजवळची घडियाळी पोळ (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्ली). तिथे अंबामातेच्या देवळापुढे पुरुषच गरबा खेळतात आणि बायका बघतात. जुन्या शहराचा गरबा कसा होता ते तिथे कळतं. दुसरं, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाचा गरबा. विद्यार्थी स्वतः गातात, वाजवतात, सजावट करतात. तिथे प्रवेशाची सोय आधी कोणाकडून तरी करून घ्यावी लागते.

रात्रीच्या वेळेची काळजी तुम्ही विचारलेली नाहीत, तरी सांगते. ध्वनिक्षेपकाची मर्यादा एरवी रात्री दहाची. सणांच्या ठरावीक दिवसांसाठी सरकार ती बारापर्यंत वाढवू शकतं आणि नवरात्रात गुजरातेत तसं होतं. त्यानंतर साडेबारा-एकलासुद्धा मुली स्कूटीवरून घरी जाताना, शेव-उसळीच्या गाड्यांवर उभ्या असलेल्या दिसतील. शहर जागं असतं.

अष्टमीबद्दल मात्र आधी ठरवा. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करायचा, संध्याकाळी पूजा, मग घागरी फुंकायच्या, आणि खाली त्याच वेळी गरबा ऐन रंगात. आम्ही पूजा लवकर करतो, शेजारच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावतो आणि घागरी फुंकणं गरबा थांबल्यावर, बारानंतर. तेव्हा शांतता असते आणि घागरीचा आवाज नीट घुमतो. मुखवटा बघायला गुजराती बायका हौसेने येतात. उकडीतून देवीचे डोळे, नाक, नथ उमटताना त्या पहिल्यांदा बघतात. एका वर्षी खालच्या मजल्यावरच्या मासींनी स्वतः घागर हातात घेतली होती आणि आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती उभ्या होतो. इतकी वर्षं गेली, तरी त्यांची अष्टमीची खेप चुकलेली नाही.

भोंडला खरा हस्त नक्षत्राचा, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून. इथे मराठी महिला मंडळं एखादी दुपार ठरवून तो खेळतात. दांडिया बाजारात कुठल्याही मराठी किराणा दुकानात किंवा देवळात विचारा, पत्ता लागेल. पण तुम्ही घरी केलात तर फार बरं. पाटावर हत्ती काढा, सोसायटीतल्या मुलींना संध्याकाळी पाचला बोलवा. फेर धरायची त्यांना सवय असतेच, गाणी तुम्ही म्हणा. खिरापत ओळखण्यात त्या रंगून जातात. आमच्याकडे खांडवी ओळखायला जितका वेळ लागला तितका कशालाच लागला नव्हता, कारण मराठी घरात खांडवी असेल असं कोणाला वाटलंच नाही.

दसऱ्याला सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगा लागतात. त्या दिवशी शेजारून डबा आला तर तुम्ही आपट्याचं पान आणि घटातलं धान घेऊन जा. लहान मुलींच्या वेणीत ते धान खोवलेलं गुजराती बायकांना फार आवडतं. कोजागिरीला त्यांची शरद पूनम असते. त्यांच्याकडे दूध-पौंआ, म्हणजे दूध-पोहे, आपल्याकडे आटवलेलं मसाला दूध, आणि कितीतरी सोसायट्यांत त्या रात्री पुन्हा गरबा. त्याच संध्याकाळी मुलीची आश्विनी करा. ती तुमचं थोरलं अपत्य असेल तर नक्कीच.

आणि सभेत आरतीची यादी फिरेल तेव्हा अष्टमी घेऊ नका, ती तुमच्या घरची आहे. पंचमी किंवा सप्तमी मागून घ्या. प्रसादाला खोबऱ्याच्या वड्या करा, जरा जास्तच, कारण बडोद्यात आरतीला आलेला माणूस घरच्यांसाठीही एक वडी मागून घेतो.