72 तासांत फरक दिसला नाही, म्हणजे थंड समुद्रातलं शेवाळ तांब्याला दाद देत नाही का?

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारी मुलगी खानापूरची, बेळगावात एम.एस्सी. करते. थंड समुद्रातल्या एकपेशीय शेवाळाचं कल्चर तिनं मिळवलं, 2 अंशांवर ठेवलं, वाढत्या प्रमाणात मोरचूद (तांब्याचं सल्फेट) घातलं आणि पद्धतीत सांगितल्याप्रमाणे 72 तासांनी पेशी मोजल्या. मोरचूद घातलेल्या आणि साध्या फ्लास्कमध्ये फरक निघाला नाही. आता 'परिणाम नाही' असं प्रबंधात लिहायचं का, हा प्रश्न.

नका लिहू. तुमच्या शेवाळाला अजून वाढायलाच वेळ मिळालेला नाही.

मी बेळगावातल्या शहापूरची. काही वर्षं गोव्यात हेच काम केलं, आता इथं शिकवते. ही चूक मी स्वतः करून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सागरी शेवाळाची जी नेहमीची चाचणी आहे, आयएसओ 10253, ती स्केलेटोनेमा किंवा फिओडॅक्टिलम ह्या जातींवर साधारण 20 अंशांना करतात. तिच्यात एक अट असते, ती बहुतेक जण वाचून सोडून देतात: 72 तासांत कंट्रोलमधल्या, म्हणजे काही न घातलेल्या साध्या फ्लास्कमधल्या, पेशी निदान 16 पट व्हायला हव्यात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा चार पिढ्या. 72 तासांमागं हा पिढ्यांचा हिशेब आहे. थंडीत वाढणाऱ्या जातीला एकदा दुप्पट व्हायलाच दोन-अडीच दिवस लागू शकतात. मेथी महिन्यात निघते म्हणून उसाचा निकालही महिन्यात लावायचा, तसं झालं हे.

आता आकडे मांडून बघा की. समजा तुमच्या शेवाळाचा वाढीचा दर दिवसाला 0.3 आहे (शेवटची संख्या भागिले सुरुवातीची संख्या, त्याचा नैसर्गिक लॉग, भागिले दिवस). आणि समजा तांब्यानं हा दर बरोबर अर्धा केला, म्हणजे 0.15. हा काही लहान परिणाम नव्हे. मिलिलिटरला 10,000 पेशींनी सुरुवात केली तर तीन दिवसांनी कंट्रोलमध्ये होतात साधारण 24,600 आणि तांब्यात 15,700. कागदावर फरक चांगला दिसतो. पण न्यूबाउअर चेंबरच्या (पेशी मोजायच्या, चौकोन आखलेल्या काचेच्या) एका मोठ्या चौकोनात मावतो मिलिलिटरचा दहाहजारावा भाग. नऊच्या नऊ चौकोन मोजले तरी एकीकडं 22 पेशी सापडणार आणि दुसरीकडं 14. त्यात एखादी पेशी रेघेवर बसलेली, ती ह्या घरातली धरायची की त्या, ह्यातच दोन-तीनांचा घोळ. शिवाय 22 मोजल्या की पाच इकडंतिकडं हे नुसत्या योगायोगानंही होतं. तीच फ्लास्क दहाव्या दिवशी मोजा: कंट्रोलमध्ये नऊ चौकोनांत 181, तांब्यात 40. हा फरक चष्मा विसरून आलेल्यालाही दिसेल.

तेव्हा दिवस मोजण्याऐवजी कंट्रोल किती पट झाला ते बघत जा. वरच्या दरानं 16 पट व्हायला नऊ दिवसांच्या वर लागतात. अंटार्क्टिकच्या फिओसिस्टिस अंटार्क्टिका ह्या शेवाळावर तांब्याच्या चाचण्या झाल्यात, त्या दहा-दहा दिवस चालवल्यात. एकदम दहाव्या दिवशी मोजू नका, दोन-दोन दिवसांनी मोजून नोंद ठेवा. दर त्यातून काढायचा असतो.

चाचणी लांबवली की दुसरी कटकट मागं लागते. शेवाळ वाढलं की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, सामू चढतो. तांबं काचेला चिकटतं, पेशींनाही चिकटतं, म्हणजे पहिल्या दिवशी घातलेलं दहाव्या दिवशी पाण्यात उरलेलं नसतं. म्हणून सुरुवातीला पेशी शक्य तेवढ्या कमी टाका, आणि पाण्यातलं तांबं पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मोजून घ्या. काचसामान आदल्या रात्री 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवायचं. साबणानं धुतलं म्हणजे स्वच्छ झालं, हा स्वयंपाकघरातला समज इथं चालत नाही.

वेळेइतकीच दुसरी शंका मला तुमच्या माध्यमाची, म्हणजे शेवाळ वाढवायच्या पोषक द्रावणाची आहे. तुम्ही 'एफ बाय टू' वापरलंय. त्यात ईडीटीए नावाचं, धातूंना बांधून ठेवणारं रसायन असतं. माझा अख्खा एक महिना ह्या ईडीटीएनं खाल्ला. तांबं वाढवत गेले, शेवाळ आपलं हिरवंगार. मी मनातल्या मनात 'तांबं पचवणारी जात सापडली' म्हणून पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं. मग एक वरिष्ठ बाई शेजारून जाता जाता म्हणाल्या, "अगं, ईडीटीए काढलंस का?" ते तांब्याला असं आवळून धरतं की पेशीपर्यंत ते पोचतच नाही. धातूची चाचणी असेल तर माध्यम ईडीटीए वगळून करा. तेव्हा दर लिटरला काही मायक्रोग्रॅम तांब्यानंही बऱ्याच सागरी शेवाळांची वाढ मंदावते, हे तुम्हाला दिसेल.

आणि वजनाचं. मोरचुदात तांबं जेमतेम चौथा भाग असतं, बाकी सल्फेट आणि पाणी. 1 मिलिग्रॅम तांबं हवं तर मोरचूद 3.93 मिलिग्रॅम लागतं. तुम्ही डोस म्हणून लिहिलेले 1, 3, 10, 30, 100 हे आकडे तांब्याचे की मोरचुदाचे? मोरचुदाचे असतील तर तुमचा सगळ्यात मोठा डोस 100 नसून 25 आहे. आणि दुकानातलं मोरचूद नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचं घ्या. बागायतदार 100 लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना घालून बोर्डो करतात, त्यात लिटरला अडीच ग्रॅम तांबं पडतं. आपण बोलतोय त्याच्या हजारो-लाखो पटींनी कमी प्रमाणाबद्दल, तेव्हा तिथं चालणारी भेसळ इथं चालत नाही.

थंडी कशी ठेवताय? फ्रिजमध्ये उजेडासाठी ट्यूबलाइट लावली असेल तर थर्मामीटर हवेत लटकवू नका, पाण्यानं भरलेल्या एका जादा फ्लास्कमध्ये बुडवून ठेवा. दिव्याच्या उबेनं आतलं पाणी दोन-तीन अंश सहज चढतं. उजेड भरपूर दिला की वाढ भरपूर, हेही थंडीत खरं नाही. उजेड पकडण्याचं काम थंडीनं फारसं मंदावत नाही, पण तो वापरणारी विकरं मंदावतात. जास्तीचा उजेड पेशीलाच भाजतो, आणि मग ते मरण तांब्याच्या नावावर जमा होतं. इथं शिकवायला आल्यावर एका पावसाळ्यात आमचा शिपाई सकाळी दारातच म्हणाला, "मॅडम, करंट होग्यादरी." रात्रभर वीज गेली होती. वीज आल्यावर फ्रिज पुन्हा 2 वर आला, सगळं ठीक दिसत होतं. तेव्हा माझी चाचणी जस्ताची होती; तो बोलला नसता तर पेशी जस्तानं मेल्या असं मी बिनदिक्कत लिहिलं असतं. तेव्हापासून किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवते. बेळगावात तो हवाच.

मोजतानाही चेंबर आधी थंड करून घ्या. पण थंड काचेवर आपल्या दमट हवेत लगेच दव धरतं, आणि मायक्रोस्कोपखाली ते थेंब पेशींसारखेच गोल दिसतात. म्हणून मी नमुन्यात ल्यूगॉलचं आयोडीन घालून पेशी तिथल्या तिथं स्थिर करायचे, मग खोलीच्या तापमानाला निवांत मोजायचे.

समुद्राचं पाणी गोव्याहून आणणार असाल तर पावसाच्या आधी आणा. जुलैत किनाऱ्याजवळचं पाणी नदीनं पातळ झालेलं असतं. एकदा मी चोर्ला घाटातून पाच कॅन घेऊन येत होते. गोव्याहून येणारी गाडी आणि डिकीत कॅन, नाक्यावर थांबवणारच. समुद्राचं पाणी आहे म्हटल्यावर त्या भल्या माणसानं बोट बुडवून चाटून बघितलं. पुढं काही विचारलं नाही.

आता तुमचं. त्या फ्लास्क अजून फ्रिजमध्ये असतील तर टाकू नका. ईडीटीए असल्यानं तांब्याचा निकाल त्यातून लागणार नाही, पण कंट्रोलच्या फ्लास्क दोन-दोन दिवसांनी मोजत राहा. तुमच्याच फ्रिजमध्ये, तुमच्याच उजेडात हे शेवाळ 16 पट व्हायला किती दिवस घेतं, ते त्यातून कळेल. पुढची चाचणी तेवढ्या दिवसांची लावा, आणि गाईडना तो आलेख नेऊन दाखवा.