वाचकांचे प्रश्न : जुन्या लेन्स, नवी बॉडी

प्रश्न : गेली सात वर्षे मी कॅननचा १३००डी हा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्ससह वापरत आहे. पावसाळ्यात कासची फुले आणि हिवाळ्यात भिगवणचे पक्षी, एवढेच माझे विषय. आता बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलायची आहे. दुकानदार मिररलेस (आरसा नसलेला) आर१० सुचवतो, तर भावाचा २००डी मार्क टू मला स्वस्तात मिळतो आहे. मिररलेस घेतल्यास दोन्ही लेन्स बाद होतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लेन्स बाद होत नाहीत. आपल्या लेन्स ज्या ईएफ माउंटच्या कुळातल्या आहेत, त्यात लेन्सची बैठक चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर असते. आर१० ला असलेल्या, २०१८ मध्ये आलेल्या आरएफ माउंटमध्ये आरशासाठी जागा सोडावी लागत नसल्याने हेच अंतर २० मिलिमीटर आहे. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारी पोकळ कडी म्हणजेच अडॅप्टर; त्यात काच नसल्याने चित्राचा दर्जा घसरत नाही आणि ऑटोफोकसही पूर्वीसारखाच चालतो. मात्र आरएफ लेन्स डीएसएलआरला बसत नाही, आणि आपल्या सध्याच्या बॅटऱ्या या दोहोंपैकी एकाही बॉडीत बसणार नाहीत.

केवळ कासचा विचार केला, तर भावाचा कॅमेरा खुशाल घ्यावा. सीतेची आसवे ही जमिनीलगतची इवली फुले टिपताना चिखलात आडवे होण्याऐवजी आपण पडदा बाहेर वळवून, कॅमेरा जमिनीला टेकवून वरून पाहाल. त्या वेळी २००डी मार्क टू आपला आरसा वर उचलून धरतो आणि थेट सेन्सरवरून फोकस करतो, म्हणजे तेवढ्यापुरता तो मिररलेसच असतो.

भिगवणला मात्र फरक पडतो. डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहताना डीएसएलआरचा आरसा थोडा प्रकाश खाली बसवलेल्या स्वतंत्र फोकस सेन्सरकडे पाठवतो. १३००डीप्रमाणेच २००डी मार्क टूमध्येही तेथे फोकसचे ९ च बिंदू आहेत आणि तेही चौकटीच्या मध्यभागी गोळा झालेले. उडणारा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) होडीतून टिपताना त्याची मान चौकटीच्या कडेला गेली, की फोकस पंखावर किंवा मागच्या पाण्यावर जातो, हे आपण अनुभवले असेलच. आर१० मध्ये सेन्सरच फोकस करत असल्याने जवळजवळ संपूर्ण चौकट उपयोगी पडते आणि कॅमेरा पक्ष्याचा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करतो. शिवाय काळसर पाण्यावरील पांढऱ्या बगळ्याची पिसे जादा प्रकाशाने जळून सपाट पांढरी होणार असतील, तर ते फोटो काढण्यापूर्वीच इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. माझ्या मते एवढ्या एका सोयीसाठीही मिररलेस घेणे परवडते, कारण जळालेली पिसे संगणकावर परत आणता येत नाहीत.

उणी बाजू बॅटरीची आहे. २००डी मार्क टू व्ह्यूफाइंडर वापरून प्रमाणित चाचणीत सुमारे १०७० फोटो देतो, आणि त्याच जातीच्या बॅटरीवर आर१० निम्मेही देत नाही. पक्ष्याची वाट पाहत डोळा लावून बसलात, तरी आर१० च्या व्ह्यूफाइंडरमधला छोटा पडदा वीज खातच राहतो. दोन जादा बॅटऱ्यांचा खर्च अडॅप्टरबरोबरच हिशेबात धरावा.

तेव्हा आपण आर१० ची केवळ बॉडी आणि अडॅप्टर घ्यावा, असे मी सुचवेन. पुढे पैसे साठल्यावर आरएफ १००-४०० ही लेन्स घेता येईल. ४०० च्या लांब टोकाला तिचे छिद्र एफ/८ इतके लहान होते, ज्यावर ९ बिंदूंच्या डीएसएलआरचा फोकस चालला नसता. आर१० चा चालतो.

प्रश्न : वापरलेला डीएसएलआर आणि लेन्स घेताना काय पाहावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्याकडच्या दमट हवेत आधी लेन्स पाहावी. दोन्ही झाकणे काढून मागून विजेरीचा झोत तिरपा टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे आणि ती लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. बॉडीचा शटर किती वेळा उघडला, हा आकडा विक्रेत्याकडे मागावा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे ठिपके फोटोत उमटत नसतील, तर त्यांची चिंता नको. ती बहुधा आरशाच्या वर असलेल्या फोकसिंग काचेवरील धूळ असते.