बायोचार घातला, पण जिवाणू राहायला आले का?

बायोचार म्हणजे लाकूड, काडीकचरा कमी हवेत तापवून केलेला, जमिनीत घालायचा कोळसा. त्यावरचे बरेच प्रश्न साचलेत, त्यातले काही आज घेतो.

प्रश्न: बायोचारच्या छिद्रांत जिवाणू राहायला येतात आणि जमीन जिवंत होते असं सगळीकडे वाचतो. खरंय का?

अर्धं खरंय. लाकडापासून केलेला बायोचारचा तुकडा मोडून भिंगाखाली धरा, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या जशाच्या तशा दिसतात, तिथं जिवाणू काय, बुरशीचे धागेसुद्धा आरामात शिरतील. पण एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असा जो आकडा फेकला जातो ना, तो बहुतेक नॅनोमीटरच्या छिद्रांचा असतो, आणि जिवाणू असतो साधारण 1 मायक्रोमीटरचा, म्हणजे त्या भोकात त्याचं डोकंसुद्धा शिरणार नाही (डोकं असतं तर). शिवाय शेतात 3 वर्षं पुरलेले तुकडे काढून मायक्रोस्कोपखाली बघितले तेव्हा आतली वस्ती अगदीच तुरळक निघाली.

मग फरक कुठं पडतो? तर तुकड्याच्या भोवतीच्या मातीत. बायोचारसोबत आलेल्या राखेनं सामू म्हणजे पीएच वाढतो, हलक्या जमिनीत पाणी जास्त वेळ टिकतं, अमोनियम, पोटॅशियम धरून ठेवलं जातं, त्याच्या मागे मुळं येतात आणि मुळांच्या मागे बाकीची सगळी मंडळी. माझ्या मते यातला खरा खेळाडू सामूच आहे, छिद्रांची गोष्ट सांगायला छान वाटते म्हणून ती जास्त चालते एवढंच.

प्रश्न: कुंड्यांमध्ये नुसता बायोचार भरपूर मिसळला, 3 आठवड्यांत पानं पिवळी पडली. विषारी होता का?

असेलच असं नाही, मीही हे करून बसलोय. पहिल्यांदा भट्टीतून काढलेला कोरडा चुरा तसाच वाफ्यात ओतला होता आणि घेवड्याची खालची पानं लिंबासारखी पिवळी. होतं असं की ताज्या बायोचारमध्ये, विशेषतः 400 अंशांच्या आसपास कमी तापमानावर केलेल्यात, थोडा पटकन पचणारा कर्ब असतो, जिवाणू त्यावर तुटून पडतात, त्यांची संख्या वाढते पण शरीर बांधायला नत्र लागतो, तो बायोचारमध्ये वापरण्यासारखा जवळपास नसतोच, मग ते मातीतला ओढतात आणि झाड उपाशी राहतं. वर बायोचार स्वतःही थोडा नत्र धरून बसतो. सहसा काही आठवड्यांत हे निवळतं, तोवर पातळ नत्रखत द्या.

पुढच्या वेळी आधी चार्ज करा. कंपोस्टचा ढीग लावतानाच त्यात 10 टक्क्यांपर्यंत बायोचार मिसळा आणि दोन-तीन महिने एकत्र कुजू द्या. कोरडा तुकडा पाण्यात टाकला की बुडबुडे सोडत तरंगतो आणि बुडायला बराच वेळ घेतो, ती आतली हवा जाऊन तिथं खताचं पाणी बसलं पाहिजे.

प्रश्न: माझ्या जमिनीचा सामू 8.2 आहे. घालू का?

जिवाणू वाढावेत म्हणून घालणार असाल तर पैसे कंपोस्टवर घाला. आम्लधर्मी जमिनीत, म्हणजे 5-5.5 सामूला, बायोचार चुन्यासारखं काम करतो आणि जिवाणूंना एकदम मोकळं वाटतं. 8.2 ला तो फायदा नाही, उलट स्फुरद आणि लोह आणखी अडकू शकतं. जगभरच्या प्रयोगांची बेरीज केली तेव्हाही हेच दिसलं, उष्ण कटिबंधातल्या आम्लधर्मी, निकस जमिनींत उत्पादन सरासरी 25 टक्के वाढलं आणि समशीतोष्ण भागातल्या बऱ्यापैकी सुपीक जमिनींत सरासरी काहीच नाही. अॅमेझॉनच्या जंगलात जुन्या वस्त्यांच्या जागी सापडणाऱ्या सुपीक काळ्या मातीचं उदाहरण सगळे देतात, पण त्या मातीत कोळशासोबत हाडं, खरकटं, मैला, मडक्यांचे तुकडे असं शेकडो वर्षांचं सामान आहे हे सांगायचं राहून जातं.

प्रश्न: बायोचारनं गांडुळं पळतात म्हणे?

कोरड्यापासून पळतात, कारण तो त्यांच्या कातडीजवळचं पाणी ओढतो. नीट भिजवून घातला तर बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. खात्री करायची तर एक टब घ्या, मधे पुठ्ठा उभा करून एका बाजूला साधी माती, दुसऱ्या बाजूला बायोचारची, दोन्ही सारख्या ओल्या, मग पुठ्ठा काढून मधोमध 10 गांडुळं सोडा आणि 2 दिवसांनी मोजा. सगळी एकाच बाजूला पळाली असतील तर तो माल वापरू नका.

प्रश्न: चुलीतली राख किंवा बार्बेक्यूचा कोळसा चालेल?

राख वेगळी, तिच्यात कर्ब जवळपास संपलेला असतो. साधा लाकडी कोळसा बारीक करून चालतो, पण चिकटवायला काही घालून दाबलेल्या कोळशाच्या विटा किंवा पेटवायचं द्रव मारलेला माल नको.

प्रश्न: माती तपासून घेतली तर बायोचार घातलेल्या वाफ्यात मायक्रोबियल बायोमास, म्हणजे मातीतल्या सूक्ष्मजीवांचं एकूण वजन, कमी आला. म्हणजे जिवाणू मेले?

घाई करू नका. त्या टेस्टमध्ये क्लोरोफॉर्मच्या वाफेनं जिवाणू फोडतात आणि बाहेर पडलेला कर्ब मोजतात, आता बायोचारचा स्वभावच असल्या गोष्टी शोषून घ्यायचा, त्यामुळे तो कर्ब मोजायच्या आधीच त्याच्या पोटात जातो आणि आकडा कमी दिसतो. डीएनए काढतानाही हीच अडचण येते. लॅबला सांगा की सोबत श्वसनही मोजा, म्हणजे माती किती कार्बन डायऑक्साइड सोडते ते, आणि बायोचार न घातलेल्या वाफ्याचा नमुना त्याच दिवशी द्या. फक्त ताज्या बायोचारमधून स्वतःचाही थोडा कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून घातल्या घातल्या लगेच नको, दोन-तीन महिने जाऊ देत.